रंगाची साक्ष

पांढऱ्याशुभ्र धोतरावर किंवा पातळावर वरणाचा एखादा थेंब सांडावा, त्याचा पिवळा डाग काढण्यासाठीं त्यावर साबण घासावा, आणि डाग निघून जाण्याऐवजीं एकाएकीं कुंकवासारखा लाल व्हावा, हा अनुभव ज्या घरांत आला नाहीं असें घर महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडणार नाहीं. गृहिणीला त्याचें आश्चर्य वाटत नाहीं. हळदीचा डाग आहे, पुष्कळ पाण्यांत खळबळून उन्हांत टाकला म्हणजे जाईल, एवढें तिला ठाऊक असतें. आणि खरोखरच डाग पुनः पिवळा होतो व उन्हानें हळूहळू विटून जातो. परंतु त्या एका क्षणांत हळदीनें साबणाविषयीं एक गोष्ट सांगितलेली असते. साबणांत आंबटाच्या अगदीं उलट गुणाचें कांहीं द्रव्य आहे, ही ती गोष्ट होय. हळदीची ही भाषा ज्याला कळली, त्याला रसायनशास्त्राचें एक मोठें दालन घरबसल्या उघडलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

रसायनशास्त्रांत असंख्य पदार्थांचे दोन मोठे पक्ष मानलेले आहेत. एक आम्लांचा आणि दुसरा अल्कांचा. लिंबाचा रस, चिंच, कोकम, ताक आणि शिरका हे पहिल्या पक्षाचे प्रतिनिधि. चुना, धुण्याचा सोडा, पापडखार, लांकडाची राख आणि साबण हे दुसऱ्या पक्षाचे. या पक्षांना नांवें कशीं मिळालीं हें पाहण्यासारखें आहे. 'आम्ल' हा संस्कृत शब्द आंबट चवीचाच वाचक आहे, आणि युरोपांतील 'ॲसिड' हा शब्दहि लॅटिन भाषेंतील आंबट या अर्थाच्या शब्दापासूनच निघाला. 'अल्कली' हा शब्द मूळचा अरबी. खारट जमिनींत उगवणाऱ्या झुडुपांची राख असा त्याचा अर्थ. म्हणजे एका पक्षाला जिभेनें नांव दिलें आणि दुसऱ्याला चुलीनें.

या दोन पक्षांचें परस्परांशीं वैर आहे, हें भारतांतील प्राचीन वैद्यांनाहि ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील अकरावा अध्याय क्षार तयार करण्याच्या विधीलाच वाहिलेला आहे. वनस्पतींची राख पाण्यांत कालवून तें पाणी गाळावें व आटवावें. तीक्ष्ण क्षार हवा असल्यास त्यांत शंख-शिंपा भाजून केलेला चुना मिळवावा. तयार झालेला क्षार लोखंडाच्या भांड्यांत झांकून ठेवावा, अशी ती कृति आहे. क्षारानें होणारा दाह आम्लानें शमतो, हेंहि तेथें नमूद आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासांत, १९०२ सालीं निघालेल्या पहिल्या खंडांत, या क्षारविधीची मुद्दाम दखल घेतली आहे.

तथापि एखादा अपरिचित पदार्थ पुढें आला असतां तो कोणत्या पक्षाचा, हें ओळखावयाचें कसें? फार दिवसांपर्यंत याचें उत्तर एकच होतें: चाखून पाहावें. पण जिभेची साक्ष किती कच्ची असते, याचा एक सोपा प्रयोग कोणत्याहि स्वयंपाकघरांत करतां येतो. दोन पेल्यांत सारखें पाणी घेऊन प्रत्येकांत एक एक चमचा लिंबाचा रस घालावा. एका पेल्यांत चार चमचे साखर विरघळवावी, दुसरा तसाच ठेवावा. दोन्ही चाखून पाहणारा मनुष्य पहिलें सरबत गोड आणि दुसरें आंबट ठरवील. पहिल्यांतील आम्ल मात्र कोठेंहि गेलेलें नसतें. तें सरबत बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ठेवलें तर साखरेमुळें कळकण्याचें राहत नाहीं. जीभ फसली, पितळ फसलें नाहीं.

शिवाय जिभेची साक्ष घेण्यांत साक्षीदाराच्याच जिवावर बेतण्याचा संभव असतो. कार्ल शेले हा स्वीडनमधील थोर रसायनशास्त्रज्ञ. १७७४ सालीं त्यानें क्लोरीन वायु प्रथम तयार केला, १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून आणि १७८४ सालीं लिंबाच्या रसांतून त्यांचीं विशिष्ट आम्लें वेगळीं काढलीं. ताकाचा आणि लिंबाचा आंबटपणा नेमका कशांत आहे हें त्याच्यामुळें कळलें. परंतु नवें द्रव्य हातीं आलें कीं त्याची चव घ्यावयाची, ही त्याची संवय होती, आणि प्रुसिक आम्लासारख्या जालीम विषाची चवहि त्यानें नोंदवून ठेवली आहे. १७८६ सालीं अवघ्या ४३ व्या वर्षीं तो वारला. विषारी द्रव्यांशीं आलेला निकट संबंध त्याच्या अकालीं मृत्यूला कारण झाला असावा, असें मानलें जातें.

शास्त्रज्ञ समजून उमजून चाखतो. मूल न समजतां चाखतें. कॉस्टिक सोडा म्हणजे दाहक सोडा हा अल्कांपैकीं अत्यंत उग्र पदार्थ आहे. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं हा आणि याच्यासारखे अल्क साफसफाईसाठीं व साबण करण्यासाठीं घरोघर ठेवलेले असत. पांढरा पदार्थ साखर समजून लहान मुलें तोंडांत टाकीत. जीं वांचत त्यांची अन्ननलिका भाजून आकसून जाई, इतकी कीं, कित्येकांना पाण्याचा घोटहि उतरत नसे. फिलाडेल्फिया येथील घशाचे विख्यात शस्त्रवैद्य शेव्हॅलिए जॅक्सन यांच्याकडे अशीं मुलें वारंवार येत. एकेका मुलाची अन्ननलिका हळूहळू रुंद करीत बसण्यापेक्षां डब्यावर 'विष' असा शब्द छापावयास लावणें अधिक उपयोगाचें, हें ओळखून त्यांनीं कित्येक वर्षें खटपट केली, आणि अखेर १९२७ सालीं तेथील मध्यवर्ती सरकारनें दाहक विषांच्या डब्यांवर तशी सूचना छापणें सक्तीचें करणारा कायदा केला. पांढरी पूड ओळखण्याचा प्रश्न केवळ शाळेंतला नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

जिभेच्या जागीं रंगाला साक्षीस उभें करण्याचें श्रेय मुख्यतः रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाकडे जातें. त्याचा रंगांविषयींचा ग्रंथ लंडन येथें १६६४ सालीं प्रसिद्ध झाला. व्हायोलेट नांवाच्या जांभळ्या फुलांचा पाक त्या काळीं औषधांत वापरीत. या पाकाचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन त्यांत आम्ल घातलें तर तो तांबडा होतो आणि अल्क घातला तर हिरवा होतो, हें बॉइलनें दाखविलें. फुलांचे रंग असे बदलतात, हें रंगाऱ्यांना व औषध करणाऱ्यांना आधींहि दिसलें असेल. बॉइलचें वैशिष्ट्य असें कीं, त्यानें या बदलाचा नियम केला. जो पदार्थ पाक तांबडा करील तो आम्ल, जो हिरवा करील तो अल्क, आणि जो यांपैकीं कांहींच करणार नाहीं तो तिसऱ्या, तटस्थ वर्गांतला. चाखल्याशिवाय पदार्थाचा पक्ष ठरविण्याची कसोटी अशा रीतीनें हातीं आली. असा रंग बदलून पक्ष दाखविणाऱ्या द्रव्याला दर्शक असें म्हणतात.

प्रयोगशाळेंतील प्रसिद्ध दर्शक म्हणजे लिटमस. आम्लांत तो तांबडा आणि अल्कांत निळा. तो कोणत्याहि फुलापासून काढलेला नाहीं. गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल सर्वांच्या परिचयाचें आहे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनांतून तें बनतें. दगडफुलाचेच कांहीं भाऊबंद समुद्रकांठच्या खडकांवर वाढतात, आणि त्यांच्यापासून लिटमसचा रंग तयार होतो. हॉलंड देशांत हा धंदा जुना आहे.

पण लिटमस विकत आणण्याचें कारण नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या दारांत जास्वंदीचें झाड आहे आणि घरांत हळदीचा डबा आहे, त्यांच्याजवळ दोन उत्तम दर्शक अगोदरच आहेत. जास्वंदीच्या चार-पांच तांबड्या फुलांच्या पाकळ्या वाटीभर कढत पाण्यांत घालून झांकून ठेवाव्या. पाण्याला जांभळट रंग येतो. तें गाळून घेऊन त्यांत टिपकागदाच्या पट्ट्या भिजवाव्या आणि सावलींत वाळवाव्या. हळदीसाठीं चमचाभर हळद थोड्या पाण्यांत कालवून तशाच पट्ट्या भिजवाव्या व वाळल्यावर वरची पूड झटकून टाकावी. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या झांकणाच्या डबींत कोरड्या ठेवाव्या. निळ्या गोकर्णाचीं फुलें मिळाल्यास त्यांच्याहि पट्ट्या करतां येतात. त्यांचा निळा रंग लिंबानें जांभळा आणि सोड्यानें हिरवा होतो.

आतां लिंबाच्या रसाचा एक थेंब जास्वंदीच्या पट्टीवर टाकला कीं ती चटकन् गुलाबी-तांबडी होते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला कीं तेथें हिरवा ठिपका उमटतो. हळदीची पट्टी लिंबानें पिवळीच राहते, सोड्यानें मात्र तांबूस तपकिरी होते. म्हणजे जास्वंद दोन्ही पक्षांविषयीं बोलते. हळद फक्त अल्काविषयीं बोलते आणि आम्लाच्या बाबतींत मौन धरते. हा फरक लक्षांत ठेवणें जरूर आहे. हळदीची पट्टी पिवळी राहिली, एवढ्यावरून पदार्थ आम्ल आहे असें म्हणतां येत नाहीं, कारण साध्या पाण्यांतहि ती पिवळीच राहते. मघांचीं दोन सरबतें जास्वंदीपुढें आणलीं तर साखरेचें आणि बिनसाखरेचें दोन्ही तिला सारखींच तांबडी करतात. जिभेची फसगत करणाऱ्या साखरेचें फुलापुढें कांहीं चालत नाहीं.

या ज्ञानाचा उपयोग पाहण्यासाठीं एक प्रसंग कल्पावा. फळीवर चार बरण्या आहेत आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीनें गळून पडल्या आहेत. चारींत पांढरी पूड आहे. मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि तुरटीची पूड, इतकें घरांत आठवतें; कोणती कशांत हें आठवत नाहीं. जीभ लावावयाची नाहीं असें ठरलें. प्रत्येकींतील चिमूटभर पूड निरनिराळ्या बशींत घेऊन थोड्या पाण्यांत विरघळवावी आणि प्रत्येकींत लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावे. दोन बशा फसफसूं लागतील, दोन शांत राहतील. फसफसल्या त्या दोन्ही सोड्यांच्या. त्यांच्यांतून जे बुडबुडे निघतात ते कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला असतां जो डाग पडतो, त्याच्या मुळाशींहि हीच क्रिया असते, कारण ती फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड आहे.

आतां दोन सोडे वेगळे करावयाचे. दोहोंचें नवें पाणी करून त्यांत हळदीच्या पट्ट्या बुडवाव्या. धुण्याचा सोडा पट्टीला लागलीच गडद तांबूस करतो. खाण्याचा सोडा सौम्य असल्यानें फिकट नारिंगी छटा आणतो. राहिल्या दोन शांत बशा. त्यांतील पुडींच्या नव्या पाण्यांत खाण्याच्या सोड्याचें पाणी थोडथोडें घालावें. जेथें बुडबुडे येऊन पाणी पांढरट, गढूळ होईल ती तुरटी; जेथें कांहींच होणार नाहीं तें मीठ. तुरटी पाण्यांत विरघळली म्हणजे आम्लगुणी होते, आणि म्हणूनच तिनें सोड्याला फसफसविलें. अशा रीतीनें एकाहि पुडीला जीभ न लावतां चारींची ओळख पटते.

पण येथेंच खरी सावधगिरीची गोष्ट येते. समजा, घरांतल्या कोणाच्या स्मरणांत नसलेला कॉस्टिक सोडा त्यांपैकीं एका बरणींत होता. नुसत्या लिंबाची साक्ष घेणारा मनुष्य काय म्हणेल? शुद्ध कॉस्टिक सोडा लिंबानें फसफसत नाहीं. तो मिठासारखा शांत राहील, आणि फसफसली नाहीं ती पूड निरुपद्रवी समजणारा मनुष्य भयंकर चूक करून बसेल. हळदीची पट्टी मात्र त्याला तत्काळ पकडील, कारण मिठांत ती पिवळी राहते आणि कॉस्टिकमध्यें गडद तांबूस होते. बरें, बुडबुड्यांची साक्ष कॉस्टिकच्या बाबतींत नेहमीं एकच असते असेंहि नाहीं. हवेंत उघडा राहिलेला कॉस्टिक सोडा हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून अंशतः धुण्याच्या सोड्यासारखाच बनतो आणि मग थोडा फसफसूंहि लागतो. एका साक्षीदारावर निकाल देऊं नये, हा न्यायमंदिरांतील नियम रसायनशास्त्रालाहि लागू आहे. म्हणून मूळचीं चारच द्रव्यें होतीं अशी खात्री नसेल, तर त्या बरण्यांतील पुडी कोरड्या हातानेंहि चाळूं नयेत; त्या स्वयंपाकघरांतून दूर कराव्या हेंच बरें.

रंगांचे साक्षीदारहि कधीं कधीं चुकीचें बोलतात, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कॅरमच्या पटावर सोंगट्या सरकण्यासाठीं जी बोरिक पूड टाकतात ती नांवाप्रमाणेंच एक सौम्य आम्ल आहे. तरीहि तिच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली हळदीची पट्टी तांबूस तपकिरी होते. वरवर पाहणारा तिला अल्क ठरवील. उलटतपासणी सोपी आहे. सोड्यानें लाल झालेल्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकला तर ती पुनः पिवळी होते. बोरिक पुडीनें आलेली लाली लिंबानें जात नाहीं, आणि तिच्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला तर ती हिरवट काळी पडते. तुरटीच्या बाबतींत फुलांची साक्षहि डळमळीत असते. तुरटीनें कापडावर रंग पक्का बसतो हें रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. तुरटींतील ॲल्युमिनियम फुलाच्या रंगद्रव्याशीं स्वतःच जोडला जाऊं शकतो आणि मग दिसणारा रंग आम्लाचा कीं धातूचा, हें सांगणें कठीण होतें. मघां तुरटीची परीक्षा जास्वंदीवर न सोंपवितां बुडबुड्यांवर सोंपविली, ती याच कारणासाठीं.

नांवांवर विसंबणें तर त्याहून वाईट. 'सोडावॉटर' या नांवांत सोडा आहे, म्हणून तें अल्क असेल असें कोणासहि वाटेल. चुन्याच्या निवळींत हळद घालावी म्हणजे ती लालभडक होते. बाटली नुकतीच फोडून त्या निवळींत सोडावॉटर थोडथोडें ओतीत जावें. लाली जाऊन पिवळा रंग परत येतो. सोडावॉटर म्हणजे दाबाखालीं कार्बन डाय-ऑक्साइड भरलेलें पाणी, आणि तो वायु पाण्यांत विरघळला म्हणजे सौम्य आम्ल तयार होतें. बाटलीवर नांव सोड्याचें आणि आंत गुण आम्लाचा!

रंग बदलतांना आंत काय घडतें, याचा उलगडा होण्यास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाची अशी समजूत होती कीं, आम्लपणाचें मूळ ऑक्सिजनमध्यें आहे. पुढें १८१० च्या सुमारास हंफ्री डेव्ही यानें मिठापासून निघणाऱ्या तीव्र आम्लांत ऑक्सिजनचा लवलेशहि नाहीं हें दाखविलें, आणि लक्ष हायड्रोजनकडे वळलें. स्वीडनचा स्वांटे अर्हेनियस यानें १८८० नंतरच्या दशकांत असें प्रतिपादिलें कीं, पाण्यांत विरघळलेलें आम्ल हायड्रोजनचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, मोकळे करतें. आणि अल्क हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जोडीचे उलट भाराचे आयन मोकळे करतो. दोन्ही एकत्र आले कीं एकमेकांशीं मिळून पाणी बनतें आणि दोघांचाहि तिखटपणा संपतो. सुश्रुताच्या काळच्या वैद्यांनीं आम्लानें क्षार शमतो असें जें पाहिलें होतें, त्याचें हें स्पष्टीकरण. अर्हेनियसला १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें शमन डोळ्यांनीं पाहतां येतें. हळदीनें लाल केलेली चुन्याची निवळी वाटीभर घ्यावी. लिंबाच्या रसांत दहापट पाणी घालून तो पातळ करावा आणि निवळींत थेंबाथेंबानें सोडून ढवळीत जावें. प्रथम जेथें थेंब पडतो तेथें क्षणभर पिवळें होतें आणि ढवळतांच तें नाहींसें होतें. पुढें तो पिवळेपणा अधिकाधिक वेळ टिकूं लागतो, आणि मग एका थेंबासरशीं सगळी वाटी पिवळी होते. तोंपर्यंत किती थेंब लागले हें मोजून ठेवलें तर निवळींत चुना किती होता याचा अंदाज बांधतां येतो. प्रयोगशाळांमध्यें आम्लाचें मोजमाप करण्याची जी रीत आहे, ती मूळ हीच.

थेंबांनीं आम्लाचा सांठा कळतो. त्याचा तिखटपणा मोजण्यासाठीं निराळें माप लागतें. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काम करणारे सोरेनसेन यांनीं १९०९ सालीं तें सुचविलें. त्याला पीएच म्हणतात. व्यवहारांत तें ० पासून १४ पर्यंत धरतात. शुद्ध पाणी ७ वर, मध्यभागीं. त्याखालीं आम्लें आणि त्यावर अल्क. लिंबाचा रस २ च्या आसपास, दहीं ४ च्या थोडें वर, दूध ७ च्या किंचित् खालीं, खाण्याच्या सोड्याचें पाणी ८ च्या थोडें वर, धुण्याच्या सोड्याचें ११ च्या सुमारास आणि चुन्याची निवळी १२ च्याहि वर. या मापाची एक पायरी म्हणजे दहापट फरक. त्यामुळें २ आणि ४ यांतील अंतर दुप्पट नसून शंभरपट आहे. मनुष्याचें रक्त ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यांत राहतें. निसर्ग या बाबतींत किती काटेकोर आहे हें यावरून दिसतें.

या सर्व विवेचनांतून घरासाठीं तीन गोष्टी निघतात. पहिली, संडास धुण्याचें आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा तिच्या जातीचें पातळ द्रव्य कधींहि एकत्र करूं नये. दोन साफ करणारीं द्रव्यें मिळून दुप्पट सफाई होईल हा समज घातक आहे. त्यांच्या मिश्रणांतून शेलेनें शोधून काढलेला तोच क्लोरीन वायु बाहेर पडतो, आणि लहानशा बंद मोरींत तो फुप्फुसांना प्राणघातक ठरूं शकतो. ब्लीचिंग पावडरीची परीक्षा रंगाच्या पट्टीनें करण्यांतहि अर्थ नाहीं, कारण ती साक्षीदाराचा रंगच उडवून टाकते.

दुसरी गोष्ट, आम्ल अल्काला मारतें हें खरें असलें तरी तो प्रयोग बशींत करावयाचा, मनुष्याच्या शरीरावर नव्हे. डोळ्यांत चुना गेला असतां त्यांत लिंबू पिळणें किंवा कॉस्टिक पोटांत गेलेल्या मुलाला शिरका पाजणें हें आजच्या वैद्यकाला मान्य नाहीं. डोळा किंवा कातडी वाहत्या स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवावी. दाहक द्रव्य गिळलें असेल तर ओकारी काढवूं नये, कारण वर येतांना तें पुनः भाजतें. ज्या डब्यांतून तें घेतलें तो डबा बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गांठावें. उग्र अल्क विशेष फसवा असतो. तो शरीरांतील स्निग्ध पदार्थांचा साबण बनवीत व मांस विरघळवीत खोल उतरत जातो, आणि वरून जखम लहान दिसली तरी आंतील हानि मोठी असते.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित. बरणीवर चिठ्ठी चिकटवावी, ती पुसट झाली कीं नवी लिहावी, आणि दाहक द्रव्य सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत कधींहि भरून ठेवूं नये. एका पारंगत शस्त्रवैद्यानें आयुष्याचीं कित्येक वर्षें ज्या छापील शब्दासाठीं खर्च केलीं, तो शब्द घरच्या बरणीवर लिहिण्यास पेन्सिलीचा एक तुकडा पुरतो.

मुलांना मात्र या सर्व भीतीमुळें प्रयोगांपासून दूर ठेवूं नये. लिंबू, ताक, मीठ, खाण्याचा सोडा, जास्वंद आणि हळद एवढ्या सामग्रीवर वडील माणसांच्या नजरेखालीं एक रविवार आनंदांत जाईल. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा वडिलांनीं आपल्या हातीं ठेवावा, म्हणजे झालें. आणि पुढच्या वेळीं वरणाचा डाग साबणानें लाल झाला, तर कपडा पाण्यांत बुडविण्यापूर्वीं मुलांना बोलावून त्या डागावर लिंबाचा एक थेंब टाकून दाखवावा. डाग पुनः पिवळा होईल. असें कां झालें, हा प्रश्न तीं मुलें आपण होऊनच विचारतील.